खुणेच्या टाक्यापर्यंतच उसवा

मैत्रिणींनो, क्रोशाचा रुमाल विणताना एखाद्या फेरीत खांब चुकला तर आपण काय करतो? रुमाल फेकून देत नाही, की अगदी पहिल्या साखळीपर्यंत उसवतही नाही. जिथपर्यंतचं विणकाम बरोबर आहे तिथवर उसवतो, सुई पुन्हा अडकवतो आणि पुढे विणू लागतो. जी जरा जास्त हुशार असते ती तर दर आठ-दहा फेऱ्यांनी रंगीत दोऱ्याची एक खूण बांधून ठेवते. पुढे काही बिघडलंच, तर कुठपर्यंत उसवायचं हे शोधत बसावं लागत नाही.

आज हे सांगायचं कारण असं, की घरातल्या संगणकालाही अशी खूण बांधता येते. तो बिघडला तर त्या खुणेपर्यंत मागे नेऊन पुन्हा चालता करता येतो. इंग्रजीत या सोयीला ‘सिस्टिम रिस्टोअर’ म्हणतात. आपण तिला ‘पूर्वस्थितीत आणणं’ म्हणू. मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन यांच्याबद्दल आपण आपसांत नेहमी बोलतो. संगणक मात्र अजूनही ‘ह्यांचं’ किंवा ‘मुलांचं’ यंत्र मानला जातो. बंद पडला की आपण लांबूनच विचारतो, “काय झालं हो त्याला?”

खरं म्हणजे तो बंद पडला की अडतं कोणाचं? २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या शाळा घरात आल्या आणि कितीतरी घरांत जुना-नवा संगणक शिरला. शाळा परत शाळेत गेली, संगणक घरातच राहिला. आज त्याच्यात काय काय असतं पाहा. शेताचा सातबारा, मुलांचे जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, बचतगटाचा हिशेब, लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो. माझ्यासारख्या अर्धवेळ शिक्षिकेच्या घरी त्यात वर्गाची निकालपत्रकंही असतात. म्हणजे घरातलं लोखंडी कपाटच ते! कपाटाची किल्ली आपण कमरेला लावतो ना? मग याचीही थोडी माहिती आपल्याकडेच असायला हवी.

आणि आपल्याला ते जमणार नाही असं तर मुळीच नाही. एमकेसीएल ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगावी निघाले. आपल्यापैकी कितीजणींनी लग्नाआधी तो केलेला आहे! प्रमाणपत्र फाईलमध्ये जपून ठेवलंय, हात मात्र मोडलाय एवढंच.

‘फॉर्मेट’ म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

आमच्या लिंबागणेशात संगणक बिघडला की तो पिशवीत नीट गुंडाळून, मांजरसुंब्यावरून बीडला न्यायचा, हा रिवाज. दुकानातला मुलगा दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, “ताई, फॉर्मेट मारावं लागेल.” आपण मान डोलावतो. एखाद्या औषधाचं नाव असावं तसा तो शब्द वाटतो.

फॉर्मेट म्हणजे घर रंगवायला काढताना सगळं सामान अंगणात काढणं नव्हे, तर सामानासकट घर धुऊन काढणं. संगणकाची ती तबकडी पुसून कोरी होते आणि तिच्यावर सगळं नव्यानं बसवलं जातं. तुमचं सामान आधी दुसरीकडे काढून ठेवलं नसेल, तर ते गेलंच म्हणून समजा.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या बाबतीत तेच झालं. संगणक सुरू व्हायला पंधरा-पंधरा मिनिटं लावायचा, बाकी काही नाही. दुकानात नेला, संध्याकाळी नव्यासारखा पळायला लागला. आनंदानं घरी आणला आणि रात्री फोटो उघडायला गेल्या, तर एकही नाही. सासूबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचे शेवटच्या दिवाळीतले फोटो तेवढ्या एकाच ठिकाणी होते, मोबाईलमधून केव्हाच काढून टाकलेले. वहिनी मला म्हणाल्या, “मला कोणी विचारलंच नाही हो, आत काय आहे म्हणून.” त्यांच्या या एका वाक्यासाठी आजचा लेख लिहिते आहे. संगणक हळू चालतो यावर फॉर्मेट हा पहिला उपाय नव्हेच. त्याच्या आधी दोन-चार पायऱ्या आहेत, आणि त्यातली मधली, फार उपयोगाची पायरी म्हणजे ही पूर्वस्थिती.

खूण म्हणजे नेमकं काय?

ही सोय मायक्रोसॉफ्टनं प्रथम २००० साली ‘विंडोज एमई’मध्ये दिली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘विंडोज एक्सपी’बरोबर ती घरोघरी पोचली. आजच्या ‘विंडोज ११’मध्येही ती आहे. म्हणजे पंचवीस वर्षं आपल्या घरात असलेली गोष्ट, पण आपण तिला हात लावलेला नाही!

खूण बांधली, की संगणक स्वतःच्या त्या दिवसाच्या घडीची नोंद ठेवतो. कोणते प्रोग्रॅम बसवले आहेत, विंडोजच्या स्वतःच्या फायली कशा आहेत, कोणत्या मांडण्या केल्या आहेत, प्रिंटर आणि आवाज यांना चालवणारे ‘ड्रायव्हर’ कोणते आहेत, हे सगळं त्यात येतं. पुढे एखादा नवा प्रोग्रॅम, एखादं ‘अपडेट’ किंवा चुकीचा ड्रायव्हर आत शिरून घडी विस्कटली, तर संगणक ती नोंद पाहून जुनी घडी पुन्हा बसवतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. दोन ओळी आहेत, पण अधोरेखित करून ठेवा.

पूर्वस्थितीत आणल्यानं तुमचे फोटो, पत्रं, हिशेबाची पत्रकं यांना धक्का लागत नाही. कालची खूण असली आणि आज पत्र लिहिलं असलं, तरी ते पत्र जागेवरच राहतं.

पण पुसला गेलेला फोटो या उपायानं परतही येत नाही. ही सोय घराच्या भिंती, दारं आणि वीज दुरुस्त करते. चोरीला गेलेला दागिना परत आणत नाही. दागिन्यांची व्यवस्था वेगळी करावी लागते, ती पुढे सांगते.

खूण बांधायची कशी?

ही सोय आत असली तरी चालू असेलच असं नाही. २०१५ मध्ये आलेल्या ‘विंडोज १०’पासून पुष्कळ संगणकांवर ती मुळात बंदच असते. आणि गरजेच्या रात्री पाहायला जावं, तर एकही खूण सापडत नाही. म्हणून संगणक धडधाकट आहे तोवर, आज दुपारी जेवणं आवरल्यावर, एवढं करा:

१. खाली डावीकडे किंवा मधोमध विंडोजचं चौकोनी चिन्ह असतं. ते दाबून शोधायच्या जागी इंग्रजीत ‘रिस्टोअर पॉइंट’ टाइप करा. ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ अशी ओळ दिसेल, ती उघडा.

२. एक लहान खिडकी उघडेल. तिच्यात ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ या पानावर ‘सी’ ड्राइव्हचं नाव आणि समोर ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ असं लिहिलेलं असतं.

३. ‘ऑफ’ असेल तर ‘सी’वर एकदा टिचकी मारून ‘कॉन्फिगर’ दाबा. ‘टर्न ऑन सिस्टिम प्रोटेक्शन’ निवडा. खाली एक सरकपट्टी असते. खुणांसाठी किती जागा द्यायची ते तिथे ठरतं. पाच टक्क्यांच्या आसपास ठेवली तरी साधारण घराला पुरते. मग ‘ओके’.

४. आता ‘क्रिएट’ दाबा. खुणेला नाव विचारतील. ‘खूण १’ असलं नाव देऊ नका. चार महिन्यांनी काही आठवत नाही. ‘प्रिंटर बसवण्याआधी’ किंवा ‘पाडवा’ असं ओळखीचं नाव द्या. तारीख आणि वेळ संगणक आपणहून लिहितो.

झालं! पापड लाटायच्या आधी पीठ मळायला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी वेळ. एकदा सोय चालू केली, की काही अपडेट किंवा प्रोग्रॅम बसवण्याआधी विंडोज स्वतःही अधूनमधून खुणा बांधतं. पण त्याच्यावर विसंबू नका. नवा प्रिंटर, नवा प्रोग्रॅम, कुठूनतरी उतरवलेला खेळ, काहीही आत घेण्यापूर्वी आपली खूण आपण बांधावी.

तीस एप्रिलची रात्र

याचा उपयोग किती होतो ते सांगते. आमच्या धाकट्या भावजींचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे आला होता. वय चौदा, म्हणजे यंत्रांबाबत सर्वज्ञ. ३० एप्रिलच्या दुपारी त्यानं कुठूनतरी एक फुकटचा खेळ उतरवून बसवला. संध्याकाळी मी निकालपत्रकं छापायला बसले. दुसऱ्या दिवशी १ मे, शाळेत झेंडावंदन आणि निकाल. पाहते तो काय, पडद्यावर जाहिरातींवर जाहिराती, मराठी अक्षरं उमटेनात आणि प्रिंटर तर ओळखच दाखवेना.

“मोठी आई, मी काहीच केलं नाही,” हे पहिलं वाक्य. “मोठी आई, तो खेळ मी काढून टाकला होता,” हे दुसरं. खेळ वरवर काढला होता खरा, पण त्यानं मागे सोडलेला पसारा तसाच होता. आमचे हे म्हणाले, “उद्या सकाळी लवकर बीडला नेतो, फॉर्मेट मारून आणतो.” आता सकाळी आठला शाळेत निकाल, आणि हे दुकान उघडायची वाट बघणार! पस्तीस मुलांचे आईबाप दारात उभे राहणार. आमच्या भागातले कितीतरी आईबाप ऊसतोडीहून नुकतेच गावी परतलेले असतात. सहा-सहा महिने लेकराला आजीजवळ ठेवून गेलेली बाई निकालाच्या कागदाची वाट पाहत असते. तिला “संगणक बिघडलाय, चार दिवसांनी या” असं मी कोणत्या तोंडानं सांगणार?

मी म्हटलं, “थांबा, आधी मागे नेऊन बघू.” एप्रिलच्या संकष्टीला मी खूण बांधलेली होती. आधी निकालपत्रकाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, कारण दागिने हातात घेऊन मगच घराच्या दुरुस्तीला लागावं. मग पुढच्या पायऱ्या केल्या:

१. वर सांगितलेली तीच खिडकी उघडायची आणि ‘सिस्टिम रिस्टोअर’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. मग ‘नेक्स्ट’.

२. खुणांची यादी येते. जिच्यात सगळं नीट चालत होतं अशी, आणि त्यातल्या त्यात अलीकडची खूण निवडायची. उगाच फार मागे जायचं नाही. दोन खांब चुकले म्हणून कोणी वीस फेऱ्या उसवत नाही.

३. शेजारी ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ असं बटण असतं. ते दाबलं की कोणते प्रोग्रॅम जातील आणि कोणते परत येतील त्याची यादी मिळते. ही यादी कागदावर उतरवून घ्या.

४. उघडी कामं जतन करून बंद करा. मग ‘नेक्स्ट’, ‘फिनिश’ आणि ‘यस’. संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

यानंतर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. इथे धीर धरायचा. कधी वीस मिनिटं, कधी त्याहून बराच जास्त वेळ. कुकरची शिट्टी होईना म्हणून आपण झाकण उघडत नाही ना, तसं मधेच बटण दाबून बंद करायचं नाही. आणि वीज! ही गोष्ट आपल्या भागात विशेष लक्षात ठेवायची. लॅपटॉप असेल तर आधी पूर्ण भरून घ्या आणि चार्जर लावूनच ठेवा. टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय, आभाळ भरून आलेलं असताना हा उद्योग करू नका. काम अर्ध्यात असताना वीज गेली तर दुखणं वाढतं.

आमचा संगणक रात्री साडेदहाला पुन्हा उघडला. मराठी अक्षरं परत आली, प्रिंटर बोलू लागला आणि निकालपत्रक एकाही गुणाचा फरक न होता जागेवर. खुणेनंतर बसवलेला कामाचा एक प्रोग्रॅमही त्या खेळाबरोबर गेला होता. तो यादीत पाहून पुन्हा बसवला. पुतण्याला समोर बसवून विंडोजच्या स्वतःच्या ‘विंडोज सिक्युरिटी’कडून सगळी तपासणी करून घेतली, कारण असल्या खेळांबरोबर व्हायरस आलेला असू शकतो आणि मागे जाण्यानं तो निघतोच असं नाही. सकाळी आठला पस्तीस निकाल पस्तीस हातांत पडले.

संगणक सुरूच होत नसेल तर?

लागोपाठ दोन-तीनदा विंडोज नीट उघडलं नाही, तर संगणक बहुधा आपणहून एक निळा पडदा दाखवतो. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘सिस्टिम रिस्टोअर’ अशा वाटेनं जायचं. उघडतो पण काम करत नाही असा संगणक असेल, तर की-बोर्डवरची ‘शिफ्ट’ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ करा, हाच पडदा येतो.

इथे एक अडचण येऊ शकते. नव्या लॅपटॉपमधली माहिती कुलूपबंद केलेली असते, आणि या वाटेनं गेलात तर तो ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. पण ऐनवेळी त्या खात्याचा पासवर्ड कोणाला आठवतो? म्हणून आजच मोबाईलवर ते खातं उघडून ही संख्या घरातल्या वहीत लिहून ठेवा. ती वही संगणकाच्या टेबलावर नको, कपाटात असू द्या.

उपायांची उतरंड

घरात ताप आला की आपण एकदम इंजेक्शनला धावत नाही. तसाच क्रम इथेही ठेवा.

पहिला उपाय, नीट बंद करून पुन्हा सुरू करणं. हसू नका, बरीच दुखणी एवढ्यानंच जातात.

दुसरा, जे नवं बसवल्यावर त्रास सुरू झाला ते काढून टाकणं. अपडेटनंतर बिघडलं असेल, तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’, तिथे ‘अपडेट हिस्टरी’ आणि तिच्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं.

तिसरा, आजचा उपाय. खुणेपर्यंत मागे जाणं.

चौथा, ‘रिसेट धिस पीसी’. यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर तुमच्या फायली राहतात, पण तुम्ही बसवलेले प्रोग्रॅम जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं तर सगळंच जातं. दोन्ही ओळी अगदी शेजारी असतात, तेव्हा चष्मा लावून वाचा!

पाचवा आणि शेवटचा, फॉर्मेट. तोही सगळ्याची प्रत काढून घेतल्यावरच.

आणि काही दुखण्यांना यातला एकही उपाय नाही. आतून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, तर तबकडीच खराब होत चालली आहे. अशा वेळी मागे-पुढे नेण्याचे प्रयोग न करता, संगणक चालू आहे तोवर आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा.

हे सगळं आपल्यासारख्या अनाडी घरांतच घडतं असं मात्र समजू नका बरं का. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या, संगणकांचं रक्षण करणाऱ्या कंपनीनंच पाठवलेल्या एका सदोष फाईलमुळे जगभरातले संगणक निळा पडदा दाखवून ठप्प झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं त्यांची संख्या ८५ लाख होती. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनं ती फाईल तास-दीड तासात मागे घेतली, पण बंद पडलेल्या कितीतरी यंत्रांपाशी माणसांना प्रत्यक्ष बसून ती काढावी लागली. उपाय काय, तर बिघडण्याआधीच्या स्थितीत परत येणं! मोठमोठ्या कंपन्यांना जे करावं लागलं, तेच आपण आपल्या टेबलापाशी करतो आहोत.

दुकानात नेण्यापूर्वी

तरीही कधी दुकानात न्यावा लागलाच, तर चार गोष्टी स्वतः सांगा, निरोप पाठवू नका. “आधी रिस्टोअर करून पाहा.” “मला विचारल्याशिवाय फॉर्मेट करू नका.” “आधी माझ्या फायलींची प्रत काढा आणि ती मला उघडून दाखवा.” “जे काही पुसाल ते बिलावर लिहून द्या.” हे सांगण्यात उद्धटपणा नाही. शिंप्याला आपण माप देतोच की.

शक्य असेल तर घरचे खासगी फोटो पेनड्राइव्हवर घेऊन संगणकातून आधीच काढून ठेवा. आपलं कपाट परक्याकडे देताना आपण आतलं काढून घेतो, त्यातलाच हा प्रकार. लेकीसुनांच्या फोटोंबाबत ही काळजी घ्यावीच.

मैत्रिणींचे प्रश्न

*या विषयावर ओळखीच्या मैत्रिणींनी विचारलेल्या काही शंका:*

*मागे नेऊनही उपयोग झाला नाही, उलट आणखी बिघडलं, तर?*
विंडोज चालू असताना हा उपाय केला असेल, तर त्याच खिडकीत ‘अनडू सिस्टिम रिस्टोअर’ असा पर्याय मिळतो. म्हणजे उसवलेलं पुन्हा होतं तसं करता येतं. ‘सेफ मोड’मधून केलं असेल तर मात्र हा पर्याय मिळत नाही.

*खूण किती दिवस टिकते?*
दिलेली जागा भरली की जुन्या खुणा आपोआप पुसल्या जातात. शिवाय जून २०२५ पासून विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत खूण जास्तीत जास्त ६० दिवस राहते. म्हणून वर्षाला एक खूण बांधून भागत नाही.

*आमच्याकडे विंडोज १० आहे. त्यावर हे चालेल का?*
चालेल. पायऱ्याही जवळजवळ त्याच. पण विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैशांचे व्यवहार त्या संगणकावर करत असाल, तर तो विंडोज ११ वर नेता येतो का, हे जाणकाराकडून पाहून घ्या.

*मोबाईललाही अशी खूण बांधता येते का?*
नाही. मोबाईलमधलं ‘फॅक्टरी रिसेट’ म्हणजे ही सोय नव्हे. ते फॉर्मेटचंच भावंड आहे, सगळं पुसतं. नावाला भुलू नका.

दोन तारखा ठरवून टाका

आमचं गाव गणपतीच्या देवळाचं, त्यामुळे संकष्टी चतुर्थी इथे कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. मी ठरवून टाकलं आहे, दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना संगणकात एक खूण बांधायची. महिन्याला एक खूण झाली, की ६० दिवसांच्या आत निदान एक तरी चांगली खूण हाताशी असतेच. तुम्ही एकादशी धरा, पौर्णिमा धरा, नाहीतर गॅसचा सिलिंडर बदलायचा दिवस धरा. तारीख कोणतीही चालेल, विसरू नये एवढंच.

आणि दागिन्यांची व्यवस्था? फोटो, दाखले, सातबारा, हिशेब या सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायची आणि ती संगणकापासून वेगळी ठेवायची. त्यासाठी ३१ मार्चचा दिवस धरा. जगात तो ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळतात, आणि आपल्याकडे हिशेबाचं वर्ष त्याच दिवशी संपतं. लग्नकार्य, बारसं असं काही झालं, तर मार्चची वाट न पाहता त्याच आठवड्यात प्रत काढा. खूण आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीनं दुसरीचं काम होत नाही, दोन्ही हव्यात.

आज संध्याकाळी एक काम करा. ती खिडकी उघडून ‘सी’समोर ‘ऑन’ लिहिलं आहे की ‘ऑफ’, एवढंच पाहा. ‘ऑफ’ असेल तर चालू करा, पहिली खूण बांधा आणि तिला तुमच्या पसंतीचं नाव द्या. मग शेजारच्या वहिनींनाही बोलावून दाखवा. तिच्या घरचे फोटोही जायला नकोत.